धवलारणीचं कोलेस्टेरॉल

सेंट्रिफ्यूज थांबला. मी झाकण उघडलं, ट्यूब वर काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणालो, "पुन्हा दूध."

"बघा! मी बोललो ना?" काउंटरपलीकडून हसुराम म्हणाला. तळोजाच्या एका केमिकल फॅक्टरीतली रात्रपाळी संपवून तो थेट आला होता आणि उभ्याउभ्या डुलत होता. तो बाकाकडे वळला. "आये, काल काय खाल्लंस? खरं बोल."

"वारा," बाकावरच्या बामाबाई म्हणाल्या.

ज्यांचा लॅबशी कधी संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडं सांगतो. रक्त ट्यूबमध्ये घेऊन ठेवलं की गोठतं. मग ते सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घालतात. लाल भाग तळाशी बसतो आणि वर फिकट पिवळं पाणी उरतं. त्याला सिरम म्हणतात. आमच्या बहुतेक टेस्ट या सिरमवर होतात. माणसाच्या रक्तात चरबी फार झाली की हे पाणी पिवळं न राहता दुधासारखं पांढरट दिसतं. म्हणून रक्त उपाशीपोटी घ्यायचं असतं. भरपेट जेवून आलेल्या माणसाचं सिरम दुधाळ दिसलं तर तो त्याच्या जेवणाचा दोष. उपाशी माणसाचं दिसलं तर काहीतरी बिघडलंय.

किंवा माणूस उपाशी नाही.

हसुरामचं म्हणणं दुसरं होतं. त्याच्या आईला जुना डायबेटिस. जुन्या पनवेलमधले डॉ. कर्णिक तिला बघायचे आणि टेस्टसाठी माझ्याकडे पाठवायचे. पहिल्यांदा कोलेस्टेरॉल जास्त आलं तेव्हा डॉक्टरांनी तेल, तूप, मटण, अंडी बंद केली. दुसऱ्यांदा ते आणखी वाढलं. हसुरामनं मच्छी बंद केली आणि घरातल्या फडताळाला कुलूप लावलं. आता तिसरी वेळ. आई पेजेवर होती, किल्ली बायकोच्या मंगळसूत्रात होती, आणि सिरम पहिल्यापेक्षा पांढरं.

"घरात नाय मिळत तर बाहेर खाते," हसुराम म्हणाला. "धवलारीण आहे ना. रोज एक मांडव."

धवलारीण म्हणजे आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. नुसती गाणारी नव्हे. हळदीपासून लग्नापर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं, आणि कुठला विधी कधी करायचा हेही तीच सांगते. भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण उशिरा आली तर चालत नाही. तळोजाच्या पाठच्या गावांत बामाबाईंना असा मान होता की नवऱ्या मुलाचा बापसुद्धा त्यांच्यासमोर विडी लपवायचा.

"हळदीला मटणाची टोपं चढतात, साहेब," हसुराम म्हणाला. "तिथं बसून ही बाई उपाशी राहते? तुमी सांगा."

मी काय सांगणार? मला लग्नात बुंदीचा लाडू दिसला तर मी जिलेबी येईपर्यंत वाट बघू शकत नाही.

बामाबाई उठल्या. पाय सुजलेले, पाटल्याही मनगटात रुतलेल्या. "मांडवान बसून मी गाते का जेवते? तोंड एकच हाय मना. त्यान घास घालू का धवला?"

"धवला संपल्यावर?"

"धवला संपल्यावर आवाज बसलेला असतो. मी गरम पानी पिते आन घरी येते. तुझ्या पेजेला."

रिपोर्ट तयार करून मी डॉक्टरांना फोन लावला. कर्णिक फोनवर नमस्कार वगैरे करत नसत.

"किती?"

मी आकडा सांगितला.

"सोमण, किट जुनं नाही ना?"

"कालच फोडलंय."

"युरिनमध्ये अल्ब्युमिन?"

"निल."

"पायावर सूज आहे, चेहऱ्यावर सूज आहे, क्रिएटिनिन वरच्या टोकाला टेकलंय. अल्ब्युमिन असायला पाहिजे."

"तीन वेळा निल आलंय, डॉक्टर."

"शुगर?"

"वीट."

हेही सांगायला हवं. तेव्हा लघवीतली साखर आम्ही बेनेडिक्टच्या निळ्या औषधात थेंब टाकून, उकळून बघायचो. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटेसारखं लाल झालं तर भरपूर. अल्ब्युमिनची टेस्ट त्याहून सोपी. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन. अंड्याच्या पांढऱ्या भागात असतं त्याच्या जातीचं. किडनी ही गाळणी आहे. क्रिएटिनिनसारखा कचरा ती बाहेर टाकते; ती थकली की तो रक्तात वाढतो. ती धड असेल तर प्रोटीन रक्तातच राहतं, भोकं पडली तर लघवीत उतरतं. डायबेटिस जुना झाला की ही भोकं पडायला लागतात. मग लघवी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवायचा. अंडं उकडल्यावर पांढरं होतं तसं हे प्रोटीनही पांढरं होतं. बामाबाईंची लघवी तीनही वेळा तापून तापून स्वच्छच राहिली होती. इतकी स्वच्छ, की आमच्याकडे येणाऱ्या सॅम्पलमध्ये ती राजघराण्यातली वाटायची.

"मग सूज रात्र रात्र मांडी घालून बसल्यामुळे असेल," कर्णिक म्हणाले, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. "रक्तातलं प्रोटीन?"

"करून बघितलं. पण सिरम इतकं दुधाळ आहे, कलरीमीटरमधून उजेडच नीट जात नाही. आकडा येतोय, त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

"सोमण, तुमच्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर तरी विश्वास ठेवू का?"

हा टोला होता. बारा-बाराच्या गाळ्यात लॅब चालवणाऱ्या माणसाला तो जरा जास्त लागतो. फोन ठेवून मी ठरवलं की मशीनचीच परीक्षा घ्यायची. त्यासाठी माहितीतलं, ठणठणीत माणसाचं रक्त लागतं. असा एक माणूस मी होतो. तुलनेसाठी दुसरा शेजारच्या गाळ्यातला सलूनवाला वसंता. तो दुपारी वडापाव, संध्याकाळी भुर्जी आणि रात्री जे मिळेल ते पीत असे, म्हणून त्याचं रक्त मी बिघडलेल्या रक्ताचा नमुना म्हणून घेतलं. माझं, ठणठणीत रक्ताचा.

वसंताचं कोलेस्टेरॉल एखाद्या कॉलेजकुमाराला शोभेल असं आलं. माझं जास्त आलं.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेवढंच.

"म्हणजे मशीन बरोबर आहे," कर्णिक फोनवर म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच आनंद होता. "तुम्ही उद्या सकाळी या मला दाखवायला."

माझी बायको सुनंदा सकाळच्या वेळी काउंटर सांभाळायची. तिनं हे ऐकलं, आणि त्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या गाडीवरून येणारा माझा दहाचा बटाटेवडा बंद झाला. विज्ञानासाठी लोकांनी काय काय सोडलंय. मी वडा सोडला.

हे सगळं होईपर्यंत हसुरामनं निकाल देऊन टाकला होता. आई मांडवात जाणार नाही. एकाही नाही. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्याचे वडील डायबेटिसनंच गेले होते. पाय कापावा लागला, तरी वाचले नाहीत. आईला तो शब्दशः कुलूप लावून जगवू बघत होता.

पण पुढच्या आठवड्यात बामाबाईंच्या सख्ख्या बहिणीच्या नातीची हळद होती. तिथं दुसरी धवलारीण आणायचं ठरत होतं. आणि का, तेही गावभर झालं होतं. बामाबाई मांडवात चोरून खाते म्हणून पोरानं घरात बसवलीय. ज्या बाईसमोर लोक विडी लपवायचे तिच्यासमोर आता लोक ताट झाकायला लागले होते.

त्या एके दिवशी एकट्याच, रिक्षा करून लॅबमध्ये आल्या. बाकावर बसल्या नाहीत. काउंटरवर हात टेकवून उभ्या राहिल्या.

"तू रगताचा डाक्टर ना?"

"मी डॉक्टर नाही, मावशी. टेक्निशियन."

"जो कोन हायस तो. मना कागद दे लिहून."

"कसला?"

"मी चोर नाय म्हनून."

मी सुनंदाकडे बघितलं. सुनंदानं रजिस्टरमध्ये बघितलं.

"मावशी," मी म्हणालो, "तसं सर्टिफिकेट आमच्याकडे निघत नाही."

"तुझ्या कागदावर मी चोर ठरले. मग तुझ्याच कागदावर सुटाया नको?"

युक्तिवादात खोट नव्हती. मी कर्णिकांना फोन लावला. निदान एक मोठा माणूस मध्ये असावा म्हणून.

"ती तिथंच आहे?" कर्णिक म्हणाले. "मग एक करा. आत्ता, तिथं, ताजी युरिन घ्या. घरून येणारं सॅम्पल मला नको. इतकी सूज आणि अल्ब्युमिन निल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आणि तिच्या मुलालाही बोलावून घ्या. नाहीतर तो म्हणेल बाटली बदलली."

फॅक्टरीत निरोप दिला. हसुराम पाळी संपवून तासाभरात आला. आल्या आल्या आईला म्हणाला, "इथं कशाला आलीस?"

"सुटाया," बामाबाई म्हणाल्या.

आता अडचण अशी, की घरी बाटली भरणं वेगळं आणि बाजारातल्या गाळ्यात, मुलाच्या आणि परक्या बाप्यांच्या देखत बाटली घेऊन आत जाणं वेगळं. बामाबाई ऐकेनात. शेवटी सुनंदानं मला आणि हसुरामला दोघांना बाहेर काढलं. "तुम्ही दोघं चहा पिऊन या," ती म्हणाली. "तुम्ही बिनसाखरेचा." मी डायबेटिक नव्हतो. पण त्या दिवसांत आमच्या घरी कुठलाही रिपोर्ट वाया जात नसे.

मागच्या बाजूला सगळ्या गाळ्यांचं मिळून एक संडास होता. बामाबाई बाटली पदराखाली धरून तिकडे गेल्या. आम्ही टपरीवर उभे राहिलो. मी एकदा म्हणालो, "तू पण तपासून घे हो कधीतरी." तो म्हणाला, "मी खातच नाय गोड." या दोन वाक्यांत चहा संपला.

परत येतोय तोच सलूनच्या दारात वसंता उभा. एका हातात वस्तरा. आत खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक.

"सोमणसाहेब," तो म्हणाला, "तुमची पेशंट तुरटी मागतेय."

"कसली तुरटी?"

"तुरटी. आपण दाढीनंतर फिरवतो ती. मी म्हटलं कापलं का कुठे? तर म्हणते नाय, थोडी दे, आत्ता परत देते. पण तिच्या पदराखाली बाटली आहे साहेब, आणि माझी तुरटी गिऱ्हाइकांच्या तोंडाला लागते."

सलूनच्या आरशाखाली बामाबाई अवघडून उभ्या होत्या. मी विचारलं, "मावशी, तुरटी कशाला हवी?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी विचारायला नको होतं ते विचारलं. मग वसंताकडे, गिऱ्हाइकाकडे बघून आवाज खाली आणला. "गढूल हाय. फेस पन येतो. तसाच कसा देऊ तुला?"

"म्हणजे घरून आणता तेव्हाही..."

"रातची धरून ठेवते. तुरटी फिरवते. सकाली खाली बसतो सगला, मग वरचा निवल तेवढा भरते बाटलीन." आणि हसुरामकडे बघत, "परक्याच्या दारान गढूल कोन नेतो? आमाला नाय शिकवला कोनी तसा."

त्यांच्या गावात विहिरीचं पाणी अर्धं वर्ष गढूळच. प्यायच्या पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं. पाहुण्याला तर त्याशिवाय पाणी द्यायचंच नाही. हा त्यांच्या हातचा रोजचा संस्कार. तोच त्यांनी बाटलीवर केला होता.

आणि तुरटी जशी पाण्यातली माती गोळा करून तळाशी नेते, तशीच प्रोटीनही नेते. साखरेला ती हात लावत नाही. म्हणून बेनेडिक्टला वीट आणि अल्ब्युमिन निल. मी दर वेळी दिव्यावर तापवत होतो ते वरचं निवळ पाणी. जे शोधत होतो ते त्यांच्या घरी तांब्याच्या तळाशी राहून मोरीत जात होतं.

मी वसंताकडून तुरटी मागून घेतली. तो म्हणाला, "आता परत देऊ नका."

लॅबमध्ये आम्ही सगळे दिव्याभोवती उभे राहिलो. बामाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं, कारण ते बघण्यासारखं नाही असं त्यांचं मत होतं. मी एका ट्यूबमध्ये ताजी लघवी जशीच्या तशी घेतली. दुसऱ्या भांड्यात थोडी घेऊन तुरटी फिरवली आणि ठेवून दिली. पहिली ट्यूब तापवायला घेतली. बघता बघता वरचा भाग दाटला, पांढरा झाला, आणि तव्यावर अंडं फोडावं तसा थिजला. ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकले. पांढरेपणा तसाच; नुसत्या क्षारांचा असता तर विरघळला असता. म्हणजे अल्ब्युमिन, आणि थोडंथोडकं नव्हे.

मग तुरटीवालं. तळाशी कापसासारखा गाळ बसला होता. वरचं निवळ घेऊन तापवलं. जेमतेम पुसट झाक. आधीची तीन सॅम्पलं तर रात्रभर निवळत ठेवलेली असायची.

"हे काय झालं?" हसुरामनं विचारलं.

मी सांगितलं. किडनीची गाळणी फाटलीय. रक्तातलं प्रोटीन लघवीतून वाहून जातंय. रक्तात ते कमी पडलं की पाणी अंगात झिरपतं, म्हणून सूज. लिव्हरला कळतं की माल कमी पडतोय. ते भरपाईसाठी जोरात कामाला लागतं, आणि त्या भरात चरबीही जास्त तयार करून रक्तात सोडतं. त्यात डायबेटिस ताब्यात नाही, तो आणखी भर घालतो. म्हणून कोलेस्टेरॉल वर, आणि सिरम दुधाळ. पेज दिली तरी आणि उपास घडवला तरी.

"म्हंजे तिनं खाल्लं नाय?"

"खाल्लं की नाही ते मी सांगू शकत नाही. पण एवढं कोलेस्टेरॉल मांडवातल्या पानावरून येत नाही. ते इथून आलंय."

हसुराम त्या पांढऱ्या ट्यूबकडे बघत राहिला. "आन किडनी? ती नीट होईल?"

"ते डॉक्टर सांगतील."

त्याला कळलं. माझ्या आवाजाला या बाबतीत काही लपवता येत नाही. सुनंदानं त्याच्यापुढे स्टूल सरकवलं.

बामाबाई भिंतीकडून वळल्या. "काय ठरला?"

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही काही खाल्लेलं नाही. पण तुमच्या किडनीला..."

"चोर नाय ना मी?"

"नाही."

"बस." त्यांनी पदर सारखा केला. त्या खोलीत आनंदात असलेली ती एकच व्यक्ती होती. "मग सोमवारच्या हलदीला मी जाते. हसुराम, दुसऱ्या बाईला सांगितला असेल तर नको म्हनून सांग. आन घरी चल, कुलूप काड."

"काडतो," हसुराम म्हणाला. स्टूलावरून तो बराच वेळ उठला नाही.

कर्णिकांनी त्यांना मुंबईला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथं ब्लडप्रेशरचं औषध सुरू झालं, इन्सुलिन नीट बसवलं, मीठ कमी झालं. आणि पेज बंद झाली. अंगातलं प्रोटीन वाहून जात असलेल्या बाईला आम्ही सगळ्यांनी मिळून महिनोन् महिने उपाशी ठेवलं होतं, हे तिथल्या डॉक्टरांनी कर्णिकांना फोनवर कळवलं. कर्णिकांनी ते मला फोनवर कळवलं. माझ्या पुढे फोन करायला कोणी नव्हतं.

सूज उतरली. कोलेस्टेरॉल खाली आलं. नॉर्मल कधीच आलं नाही. फाटलेली गाळणी शिवता येत नाही, फाटणं सावकाश होईल एवढं बघता येतं. थोडं आधी कळलं असतं तर आणखी सावकाश झालं असतं. त्या सोमवारी हसुरामनं त्यांना स्कूटरवरून मांडवात नेलं, आणि गाणं संपेपर्यंत बाहेर स्कूटरवरच बसून राहिला. कोणी ताट घेऊन आलं तेव्हा म्हणाला, "आधी आयेला विचारा." त्यानंतरही काही मोसम बामाबाई गायल्या. गेल्या लग्नसराईत त्यांनी पहिल्यांदा बसायला खुर्ची मागितली. क्रिएटिनिन मी अजून दर तीन महिन्यांनी करतो. चढतंय. हळू चढतंय.

लॅबमध्ये आता अर्ध-ऑटोमॅटिक मशीन आहे. लघवी पट्टीवर तपासतो, वीट आता क्वचितच होते. पण पट्टीलाही बाटलीत काय येतं त्याच्यापलीकडचं दिसत नाही. म्हणून मी काउंटरवर एक पाटी लावली आहे: "लघवी आहे तशीच आणावी. स्वच्छ करू नये."

परवा एक बँकेतले साहेब पाटी वाचून वैतागले. "काय हो सोमण, असं लिहितात का? लघवी स्वच्छ करून कोण आणतं?"

"चांगल्या वळणाची माणसं," मी म्हणालो, आणि त्यांना बाटली दिली.